जुन्या जिप्सीचा गिअरबॉक्स: जीएल-४ की जीएल-५, आणि ऑईल बदलायचं कसं?

रामबागचा जिप्सीवाला

मंडळी, गाडी जिप्सी किंग, १९९९ची, कार्ब्युरेटरवाली, पाच गिअरची. चालते इंदूरमध्येच, अधूनमधून महू-चोरलकडे. सध्या सकाळच्या थंडीत दुसरा गिअर अडतो, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना कर्र आवाज होतो. आठ-दहा किलोमीटर झाले की बराच मोकळा होतो. आधीच्या मालकाने कोणतं ऑईल घातलं याची नोंद नाही.

गॅरेजवाले म्हणतात १४० नंबरचं जाड ऑईल घाला, आवाज बसेल. डब्यावर जीएल म्हणून ऑईलचा वर्ग लिहिलेला असतो; दुकानदार म्हणतो जीएल-५ घ्या, ते जीएल-४च्या पुढचं आहे. नक्की कोणतं घ्यावं, किती लागेल, आणि आतून डिझेलने धुवावं का? बदलण्याची पद्धत नीट सांगितलीत तर घरीच करीन.

महूकर

दादा, आधी दुकानदाराचा मुद्दा. जीएलचे आकडे म्हणजे इयत्ता नव्हेत, की पाचवी चौथीच्या वरची. ती दोन वेगळ्या कामांची ऑईलं आहेत. जीएल-५ बनतं हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या-पुढच्या धुऱ्यातल्या क्राउन-पिनियनसाठी (चाकांकडे ताकद वळवणारी दातेरी जोडी). तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात आणि नुसता तेलाचा थर टिकत नाही. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची ईपी (अतिदाब सोसणारी) द्रव्यं जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. गरम झाल्यावर ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करून दातांवर संरक्षक थर धरतात.

गिअरबॉक्समध्ये मात्र गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा आहेत. गंधक सक्रिय असेल तर ते पितळालाही सोडत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, घाटात लोड घेतलेला गिअरबॉक्स चांगलाच तापतो. नवी जीएल-५ ऑईलं पितळाला पूर्वीइतकी घातक राहिलेली नाहीत, हे खरं. पण दुसरी अडचण राहतेच. सिंक्रो रिंगचं कामच घर्षणावर चालतं. रिंगच्या आतल्या बारीक चरांनी गिअरच्या कोनवरचा (शंकूवरचा) तेलाचा थर कापायचा, कोनला पकडायचं, दोघांचा वेग एक करायचा, आणि मगच स्लीव्ह (गिअर गुंतवणारी सरकती कडी) पुढे सरकायची. ऑईल गरजेपेक्षा निसरडं असेल तर रिंग कोनवर घसरते, वेग जुळायच्या आतच दात दातांना भिडतात. तुमचा तो कर्र आवाज म्हणजे हेच. तेव्हा गिअरबॉक्सला जीएल-४ घ्या, त्यात तडजोड नको.

डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही लिहिलेलं असेल तर त्या ऑईलचं माहितीपत्रक उघडून तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल बघा. १ए किंवा १बी असेल तर पितळाला त्रास नाही. ३ असेल तर ते धुऱ्यासाठी ठेवा. मला विचाराल तर निव्वळ जीएल-४ लिहिलेला डबाच बरा. देवास नाक्याकडे ट्रकवाल्यांच्या दुकानांत सुटं ‘नव्वद नंबर’ मिळतं, ते घेऊ नका. ते जीएल कितीचं आहे हे सांगणारं तिथे काहीच नसतं.

आता नंबर. थंड ऑईलचा जाड थर कापायला रिंगला वेळ लागतो, म्हणून तुमचा दुसरा गिअर सकाळीच अडतो. १४० घातलं तर हा त्रास वाढेल. १४०ने आवाज दबतो कारण जाड ऑईल झिजलेल्या बेअरिंगचा खडखडाट झाकतं; झीज तिथेच राहते. तुम्हाला हवं ७५डब्ल्यू-९०. ८०डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९० गरम झाल्यावर दोन्ही ९०च, म्हणजे १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप). फरक थंडीतला आहे, डब्ल्यूआधीचा आकडा त्याचाच: तो जितका कमी तितकं ऑईल थंडीत पातळ. इंदुरात पारा शून्याखाली जात नसला तरी ६-८ अंशांच्या सकाळी तो फरक गिअरच्या दांड्यावर हाताला लागतो. ७५डब्ल्यू मिळालं नाही तर जीएल-४ ८०डब्ल्यू-९० घाला. पण नंबर गाठायच्या नादात जीएल-५ उचलू नका.

पिठमपूर वर्कशॉप

वरचं सगळं बरोबर. पण ऑईलवर खर्च करण्याआधी क्लच तपासा. जिप्सीचा क्लच केबलचा आहे. केबल ताणली किंवा आतून गंजली की क्लच पूर्ण सुटत नाही आणि बिचारा सिंक्रो बदनाम होतो. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग सावकाश रिव्हर्स घाला. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. एवढं थांबूनही कर्र झालं तर क्लच ओढतोय: आधी पेडलचा फ्री प्ले (मोकळा खेळ) जुळवा, केबल बघा. रिव्हर्स गुपचूप बसला आणि दुसराच अडत असेल तर मामला ऑईलचा किंवा दुसऱ्याच्या रिंगचा.

डिझेलने धुणं नको. डिझेल बेअरिंगच्या खाचांत आणि बॉक्सच्या तळाशी उरतं, नवं ऑईल पातळ करतं. शिवाय कोपऱ्यात बसलेला लोखंडाचा चुरा सुटून बेअरिंगमध्ये जातो. जुनं फारच काळं निघालं तर नवं घालून हजारेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. एवढी धुलाई पुरते.

आता पद्धत. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, ऑईल गरम असलं की गाळही सोबत येतो. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ओट. जिप्सी उंच आहे, जॅक न लावता खाली सरकता येतं. जॅक लावायचाच तर चारी बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर घ्या. नुसतं पुढून उचललं तर लेव्हल चुकते.

आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवा. खालचा काढून ऑईल सांडल्यावर वरचा गंजलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी राहील. बोल्टाभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढा, गंजरोधक फवारा, अर्धा तास थांबा, मग बरोबर मापाचा पाना लावा. ढिला पाना लावून कोपरे गोल केलेत तर पुढे वेल्डिंगशिवाय गत नाही.

मग खालचा बोल्ट काढा आणि धार थेंबावर येईपर्यंत, वीसेक मिनिटं, गळू द्या. निघालेलं ऑईल पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात बघा. बोल्टाच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. सोनेरी चकाकी तरंगताना दिसली तर ते सिंक्रोचं पितळ. थोडी असेल तर नव्या ऑईलवर अजून बरीच चालेल. ऑईल सोनेरी रंग लावल्यासारखं दिसलं तर रिंगा संपत आल्या. टोचतील असे लोखंडाचे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग, तेव्हा बॉक्स उघडावाच लागेल. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. आणि कुजक्या अंड्यासारखा उग्र वास आला तर आधी कुणीतरी जीएल-५ घातलं असण्याची शक्यता दाट आहे.

बोल्ट पुसून पुन्हा लावा. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, पान्यावर पाइप चढवून आवळू नका, आटे जातील. वायसर असेल तर नवा, नसेल तर आट्यांना थोडं सीलंट. मग पंपाच्या बाटलीने किंवा नरसाळ्याला लांब नळी लावून वरच्या भोकातून भरा, ऑईल काठावरून बाहेर झिरपेपर्यंत. दोन मिनिटं थांबा, जास्तीचं वाहून जाऊ द्या, बोल्ट लावा. ‘अजून थोडं राहू दे’ म्हणून गाडी तिरपी करून भरू नका. जास्तीचं ऑईल फेसाळतं, तापतं आणि पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर येतं.

रामबागचा जिप्सीवाला

रिव्हर्सची चाचणी केली, थांबून घातल्यावर गुपचूप बसतो. म्हणजे क्लच ठीक. माप किती धरू? आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारा डबा), धुरे पण सोबतच करावेत का?

महूकर

सोबतच करा, नोंदच नाही म्हटल्यावर काहीच गृहीत धरू नका. गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्स्फर केस ०.८. जिप्सीत हे दोन वेगळे डबे आहेत, मधे छोटा शाफ्ट. एकात भरलेलं दुसऱ्यात जात नाही, आणि लोक ट्रान्स्फर केस विसरतात ते यामुळेच. दोन्हींना तेच जीएल-४ घाला. बेरीज २.१ होते, म्हणून एकेक लिटरचे तीन डबे घ्या. दोनवर काटकसर केली तर लेव्हल शंभर मिली खाली राहील. उरलेलं पुढे टॉप-अपला येतं.

धुऱ्यांना जीएल-५च, ८०डब्ल्यू-९०: पुढे २ लिटर, मागे १.५. तिथे जीएल-४ घालणं ही उलटी चूक होईल. डबे शेजारी ठेवून काम करताना अदलाबदल होते, म्हणून आधी बॉक्स आणि ट्रान्स्फर केस संपवा, झाकणं लावा, मगच जीएल-५ उघडा. पंपही पुसून घ्या.

पिठमपूर वर्कशॉप

दोन गोष्टी राहिल्या. एक, ब्रीदर, म्हणजे आतली गरम हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड. माळव्यातली काळी माती ओली झाली की ब्रीदरच्या तोंडाशी घट्ट बसते. तो बंद झाला की गरम हवेचा दाब सीलवर येतो आणि धुऱ्याच्या टोकाने ऑईल गळायला लागतं. लोक सील बदलत बसतात, दोन महिन्यांत तेही गळतं. ऑईल बदलताना ब्रीदर काढून साफ करा, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. चोरलच्या नदीत गाडी घालत असाल तर पावसाळ्यानंतर चारही ठिकाणचे भरायचे बोल्ट उघडून ऑईल दुधाळ झालंय का, बोट घालून बघा.

दुसरं, पुढच्या चाकांमागचा गोल नकल (चाक वळवणारा सांधा). तिथे ग्रीस असतं. ते पातळ होऊन काळं ओघळत असेल तर धुऱ्याच्या आतल्या सीलमधून ऑईल तिथे जातंय, आणि पुढच्या धुऱ्याच्या हौदाची लेव्हल हळूहळू उतरतेय. तसं असेल तर सील बदलल्याशिवाय पुढचे दोन लिटर घालू नका, वाया जातील.

नवं ऑईल घातल्यावर दुसरा गिअर पहिल्याच दिवशी सुधारेल असं नाही. रिंगांच्या चरांत जुनं ऑईल बसलेलं असतं, तीनशे-चारशे किलोमीटर द्या. त्यानंतरही गरम गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यात कर्र होत असेल तर रिंग झिजली आहे, ऑईलने भरून निघणार नाही. तोवर दुसरा घालताना दांडा ढकलू नका, बोटांनी टेकवून धरा आणि रिंगला वेग जुळवू द्या.