कीर्तिमंदिरावरचं बोलकं ई-पुस्तक: जोडाक्षरं फुटतात, आवाज मागे पडतो

दांडियाबाजार_टीवाय:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या मल्टिमीडिया प्रकाशनाच्या पेपरसाठी बडोद्याच्या कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांवर मराठी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करायचं आहे. २४ पानं, वाचून दाखवणारा आवाज, चार लहान व्हिडिओ, शेवटी प्रश्नोत्तरं. मधे दोन गुजराती उतारे. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून फिक्स्ड लेआउट (पानाची मांडणी जशीच्या तशी ठेवणारं ईपब) काढलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. वाक्य उजळत जाणं दुसऱ्या मिनिटापासून आवाजाशी जुळत नाही. फाइल ३८० एमबी झाली आहे. सुरुवात कुठून करू?

अक्षरजुळणी:
अक्षरांपासून. पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर (ओळीत अक्षरं जुळवणारी सेटिंग) 'वर्ल्ड-रेडी' करा. लॅटिनच्या कंपोझरला वेलांटी व्यंजनाआधी आणायची हे कळतच नाही. बदल मूळ स्टाइलमध्येच करा, नाहीतर मथळे सुधारतील आणि चित्रांखालच्या ओळी तशाच राहतील.

मजकूर कुणी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर रूपांतरानंतर 'ऱ्य' तपासाच. 'दुसऱ्या' दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: कधी ऱ आणि हलन्त, कधी साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण वाचक शोधायला गेला की एक सापडतो, दुसरा नाही. सगळीकडे ऱ वालाच ठेवा.

प्रत्येक फाइलच्या वरच भाषेचा कोड 'एमआर' (मराठी) लिहा. मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टमध्ये आहेत, तो त्यावरूनच ते दाखवतो. गुजराती उताऱ्याला 'जीयू' आणि वेगळा गुजराती फॉन्ट द्या. देवनागरी फॉन्टमध्ये ती अक्षरं नसली तर नुसते चौकोन दिसतील.

आणि फिक्स्ड लेआउट सोडा. त्यात शब्द न् शब्द वेगळ्या तुकड्यात, ठरावीक जागी बसवलेला असतो, म्हणून सलग वाक्य उजळवणं जिकिरीचं होतं. रिफ्लोएबल (पडद्याप्रमाणे मजकूर वाहता राहणारं) काढा आणि पुढचं काम सिजिल या ईपब संपादकात करा.

कोठीरोड_ध्वनी:
आवाज मागे पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हीबीआर (बिटरेट बदलता असलेलं) एमपी३. त्यात ठरावीक सेकंदावर उडी मारताना वाचनअॅप अंदाज बांधतं आणि चूक वाढत जाते. सीबीआर (एकसारखा बिटरेट), मोनो, ६४ केबीपीएस ठेवा: मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही आणि बोललेल्या आवाजाला तेवढं पुरतं. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात एक एक वाक्य निवडून कंट्रोल-बीने लेबल लावा, नाव एस००१, एस००२ असं. लेबलं टेक्स्ट फाइल म्हणून काढली की सुरुवात, शेवट आणि नाव असे तीन रकाने मिळतात. तीच नावं एक्सएचटीएमएलमध्ये (प्रकरणाच्या मजकुराच्या फाइलमध्ये) वाक्यांभोवतीच्या स्पॅन खुणांना आयडी म्हणून द्या. मग स्माइल फाइलमध्ये (मजकूर आणि आवाज जुळवणारी फाइल) प्रत्येक वाक्यासाठी एक 'पार' नोंद: त्यात मजकुराचा आयडी आणि क्लिपबिगिन, क्लिपएंड. क्लिपचा शेवट शेवटच्या स्वराला चिकटवू नका, पाव सेकंद सोडा. 'आहे'मधला ए कापला गेला की फार खटकतं.

हमखास विसरलं जातं ते ओपीएफ, म्हणजे पुस्तकातल्या सगळ्या फाइलींची यादी असलेली फाइल. प्रकरणाच्या नोंदीत स्माइलचा संदर्भ हवा, प्रत्येक स्माइलचा कालावधी आणि सगळ्यांची बेरीज हवी, उजळण्याच्या क्लासचं नाव हवं आणि तोच क्लास सीएसएसमध्ये (दिसण्याचे नियम असलेल्या फाइलमध्ये) हवा. क्लास नसला तर आवाज येतो, वाक्य मात्र काही उजळत नाही. तपासायला थोरियम रीडर हे वाचनअॅप घ्या.

दांडियाबाजार_टीवाय:
आभार. हाताने फाइल दुरुस्त करून परत झिप केली, तर ईपबचेक (ईपब तपासणारं साधन) पीकेजी-००६ ही चूक दाखवतो. आणि प्रश्नोत्तरांना जावास्क्रिप्ट लागेलच ना?

पान_आणि_पडदा:
ईपब म्हणजे झिपच, पण 'माइमटाइप' ही फाइल त्यात सर्वांत आधी आणि न दाबता जावी लागते. विंडोजचं नेहमीचं झिप हा क्रम पाळेलच असं नाही. सिजिलमधून सेव्ह करा, तो ते आपोआप करतो.

जावास्क्रिप्ट टाळा, सगळी वाचनअॅप्स ते चालवत नाहीत. 'डिटेल्स' आणि 'समरी' या साध्या एचटीएमएल खुणांनी प्रश्नावर टिचकी मारली की उत्तर उघडतं, आणि जिथे त्या खुणा चालत नाहीत तिथे उत्तर निदान वाचता तरी येतं.

३८० एमबीतला मोठा भाग व्हिडिओ आणि मूळ फोटोंचा असणार. व्हिडिओ ७२०पी, एच.२६४, १.५ एमबीपीएस: मिनिटाला साधारण ११ एमबी. फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल. 'गंगावतरण'चं अख्खं चित्र एवढ्यात बसवलं तर रेषा हरवते आणि या चित्रांत रेषाच तर बघायची आहे. म्हणून दोन-तीन तपशिलांचे वेगळे तुकडे द्या. पोस्टर फ्रेम (व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणारं चित्र) विसरू नका, नाहीतर व्हिडिओच्या जागी काळी चौकट दिसते.

एक महत्त्वाचं. नंदलाल बोस १९६६ मध्ये वारले. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२६ अखेरपर्यंत. वर्गात सादर करणं वेगळं आणि नेटवर सर्वांना वाटणं वेगळं. वाटायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या; आत फोटो काढण्याची परवानगीही स्वतंत्रपणे विचारा.