कुत्रा पाळायचा तर परसाला कुंपण हवेच का?

आबोली_फोंडा
फोंडा तालुक्यात भाड्याचे कौलारू घर आहे. पुढे अंगण, मागे माडांचे परस, त्यापलीकडे मालकाचे कुळागर (पोफळी-माडांची बाग). रस्त्याच्या बाजूला कमरेएवढी चिऱ्यांची वई (कुंपणाची भिंत), बाकीच्या बाजू उघड्या. परसातून शेजाऱ्यांची विहिरीकडे जाणारी पायवाट आहे. तीन महिन्यांचे गावठी पिल्लू, मादी, दत्तक घ्यायचे आहे. एक माणूस दुपारपर्यंत घरी असतो. सगळ्या जागेला कुंपण म्हणजे मालकाची परवानगी, पंचायत आणि मोठा खर्च. कुंपणाशिवाय भागते का? की ते होईपर्यंत पिल्लू आणूच नये?

चिरेबंदी
आणा. कुंपण नाही म्हणून गावठी पिल्लू नाकारण्याचे कारण नाही. कुंपणाने कुत्रा रस्त्यावर जात नाही, एवढेच होते. त्याचा व्यायाम होत नाही. एकट्याला परसात सोडले तर पहिली दहा मिनिटे तो वास घेत फिरतो आणि मग गेटपाशी बसतो. येणारी-जाणारी माणसे दिसतात, पण त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून भुंकणे वाढते. काही महिन्यांत तो कुंपणाच्या कडेने धावत भुंकायला लागतो आणि ही सवय मोडणे फार जड जाते. मोठे परस असलेल्या घरांत फिरायला नेणे टळते आणि त्याचा त्रास कुत्र्यालाच होतो.

तुमच्याकडे हे हवे: दिवसातून दोनदा पट्ट्यावर फेरी, मोठ्या कुत्र्याला प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटे, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतात. तीन महिन्यांच्या पिल्लाला एवढे चालवू नका. दहा-पंधरा मिनिटे पुरतात, त्यातला अर्धा वेळ वास घेण्यात गेला तरी चालेल. शी-शूसाठी मात्र त्याला सारखे बाहेर न्यावे लागते: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, आणि एरवी दर दोन तासांनी. तीन महिन्यांचे पिल्लू फार तर चार तास धरून ठेवते. दरवेळी त्याच कोपऱ्यात न्या आणि काम झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही.

मोकळे धावण्यासाठी १० मीटरची लांब दोरी वापरा, २० मिलीमीटर रुंदीची चपटी नायलॉन पट्टी. ती छातीच्या हार्नेसला लावा, गळपट्ट्याला नाही. धावत येऊन हिसका बसला तर मानेला इजा होते. दोरीचे टोक सतत माणसाच्या हातात हवे. माडाच्या बुंध्याला बांधून आत गेलात तर पाच मिनिटांत ती बुंध्याभोवती गुंडाळली जाते.

आणि माडाखाली त्याची बसायची जागा करू नका. नारळ आणि चुडत्या (झावळ्या) पडतात.

सातेरी
फेरीबद्दलचे सगळे पटते, पण पिल्लू मादी आहे, हे वर सुटले. तिथे उघडे परस ही खरी अडचण आहे. सहा महिन्यांच्या पुढे ती कधीही माजावर येऊ शकते. माज साधारण तीन आठवडे टिकतो, आणि त्या काळात गावातले नर दारात ठाण मांडतात. नराशी संबंध आला तर साधारण ६३ दिवसांनी पिल्ले होतात. पाच फुटी कुंपणही या नरांना अडवत नाही, म्हणून यावर उपाय नसबंदी हाच. केव्हा करायची ते पशुवैद्याला आत्ताच विचारून ठेवा आणि तोपर्यंत ती पट्ट्याशिवाय बाहेर जाणार नाही हे घरात ठरवून टाका.

उघड्या परसाचा दुसरा धोका पार्वोचा, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या रोगाचा. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि तुमच्या परसातून गावची कुत्री फिरतातच. एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास. त्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लू जमिनीवर फक्त अंगणाच्या धुतलेल्या भागात, वर सांगितलेली दहा-पंधरा मिनिटांची फेरीही तिथेच. बाकी गाव कडेवरून दाखवा. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा, बसचा आवाज, देवळातला ढोल या वयात ऐकलेला बरा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग पशुवैद्य सांगेल तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला म्हणून ही लस चुकवू नका.

साखळीने बांधून ठेवणे हा कुंपणाला पर्याय नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही. मोकाट सोडलात तरी जबाबदारी सुटत नाही: प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सायकलवरून येणाऱ्या पोदेराच्या मागे कुत्रा धावला आणि तो पडला, तर हेच कलम.

आबोली_फोंडा
आभार. सगळी जागा नाही, पण स्वयंपाकघराच्या दाराबाहेर छोटा तुकडा बंद केला तर? पावसात शी-शूसाठी तरी. केवढा, आणि कसा?

चिरेबंदी
हे सगळ्यात चांगले. संपूर्ण परसाच्या कुंपणाने पायवाट अडते, आणि वहिवाटीची वाट अडवली की तक्रार मामलेदाराकडे जाते. छोट्या तुकड्यात तो प्रश्न येत नाही. तरी मालकाची लेखी संमती घ्या आणि पंचायतीत एकदा विचारा.

घराची भिंत ही २० फुटांची एक बाजू धरा, बाहेर १५ फूट. म्हणजे जाळी ५० फूट लागते. १५ फुटी बाजूंना साडेसात फुटांवर आणि २० फुटी बाजूला पावणेसात फुटांच्या आसपास खांब घेतले तर एकूण आठ खांब होतात. दीड इंची जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप, दोन फूट जमिनीत, पाच फूट वर, आणि टोकाला एक फुटाचा आत झुकलेला हात. गावठी कुत्रा पाच फुटांची जाळी पंजे रोवून चढतो. वरचा भाग आत कललेला असेल तर चढताना त्याला तोल धरता येत नाही. जाळी सहा फूट रुंद, दोन इंची चौकटीची, १० गेज, पीव्हीसी लेप असलेली. वर, मध्ये आणि खाली ताणाची तार हवीच. ती नसेल तर मधली जाळी पोटासारखी फुगते आणि पिल्लू खालून निसटते.

खड्डे नऊ इंची चौकोनी, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). आठ खड्ड्यांना दोन पोती सिमेंट पुरते. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून वरून उतार द्या, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी साचत नाही. खांब गंजतो तो तिथेच. त्या भागाला डांबरी रंग लावा. काम मे महिन्यापर्यंत उरका. पाऊस सुरू झाला की खड्डे पाण्याने भरतात आणि ओल्या मातीत उभा केलेला खांब हलतो. खांब घराच्या भिंतीत ठोकू नका. जुन्या चिऱ्यांच्या भिंतीला खिळा लागला की सांध्याचा चुना सुटतो.

उकरू नये म्हणून जाळीच्या बुडाला आतल्या बाजूने दीड फूट रुंदीची पट्टी जमिनीवर आडवी पसरा, तारेने बांधा आणि वर चिऱ्यांचे तुकडे ठेवा. गेटखालची फट तीन इंचांपेक्षा कमी, आणि कडी कुत्र्याला नाकाने उचलता येणार नाही अशी, चाप असलेली. जागा असेल तर गेटच्या आत चार बाय चार फुटांचा दुसरा पिंजरा करा. एक दार लागल्यावरच दुसरे उघडते, त्यामुळे मासळीवाली आली तरी कुत्रा सुटत नाही.

तुमच्या जुन्या वईतल्या पाणी जाण्याच्या भोकांना बारीक जाळी लावू नका. पानांनी ती तुंबते, मागे पाणी साचते आणि पावसाच्या दाबाने वईच कोसळते. चार सेंटीमीटरवर उभ्या सळ्या पुरेत.

खाजन_बांध
दोन गोष्टींची भर. कुंपणाने साप थांबत नाहीत. घोणस आणि नाग बेडूक-उंदरांच्या मागे येतात, तेव्हा त्या तुकड्यापासून नारळाच्या सोडणांचा ढीग, लाकडे आणि चिऱ्यांची रास लांब हलवा. चावा झाला तर पाय आवळून बांधू नका, जखम कापू नका. कुत्र्याला उचलून न्या, चालवू नका. प्रतिविष ठेवणारा दवाखाना कोणता आणि रात्री तो उघडा असतो का, हे आधीच फोन करून लिहून ठेवा.

शोभेची कण्हेर त्या जागेतून काढा. तिचे पान चघळले तरी हृदयावर परिणाम होतो. पावसात गोगलगायींसाठी टाकतात त्या गोळ्याही कुत्र्याला विषारी आहेत, आणि त्यांचा वास कुत्र्यांना आवडतो.

कुळागराला लागून रान असेल तर अंधार पडल्यावर तो तुकडाही सुरक्षित समजू नका. बिबट्याला पाच फूट काहीच नाहीत, आणि तुमचे कुंपण वरून उघडे आहे. रात्री ती घरातच झोपू दे. झोपण्याआधीची शेवटची शू पट्ट्यावर, हातात बॅटरी घेऊन.