एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), युवा महोत्सव यात भाग घ्यावा का? रोज एसटीनं ये-जा करणाऱ्याला जमतं का? (सातारा)

जावळीची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी साताऱ्यात एफवाय बीएस्सीला आहे, गाव मेढ्याच्या पुढं. सकाळी सहाची गाडी पकडायची आणि प्रॅक्टिकल संपलं की स्टँडवर पळायचं, साडेपाचची चुकली की मग थेट मुक्कामी गाडी. दोन महिने झाले पण दोन मैत्रिणी सोडल्या तर कॉलेजात मला कोणी नावानं ओळखत नाही. नोटीस बोर्डवर एनएसएसची नोंदणी आणि युवा महोत्सवाची निवड चाचणी अशा दोन नोटिसा लागल्यात, दोनदा वाचल्या आणि दोनदा तशीच परत आले. घरी विचारलं तर पप्पा म्हणाले, शिकायला पाठवलंय, गावं झाडायला नाही. आई काही बोलली नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, नुसतं सर्टिफिकेट मिळतं का अजून काही? आणि अभ्यास मागं पडतो का?

माणदेशी_गडी
ताई, मी दहिवडीकडचा, बीए साताऱ्यातच केलं. पहिल्या वर्षी ‘कमवा आणि शिका’ योजनेत होतो, कॉलेजातच काम करायचं आणि त्याचे पैसे मिळायचे. सकाळी बागेत काम असायचं, दुसऱ्या सत्रात लायब्ररीत टाकलं. परत आलेली पुस्तकं नंबरानं कपाटात लावायची, सुटलेली पानं चिकटवायची, ते करता करता इतिहासाच्या कपाटापुढं उभ्या उभ्याच वाचायला लागलो आणि पुढं एमए इतिहासातच केलं. पैशानं मेसचं बिल सगळं भागत नव्हतं पण घरी मागायची वेळ कमी आली.

पप्पांना एवढं सांग की साताऱ्यात शिक्षण आणि कष्ट कधी वेगळं नव्हतंच. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला इथं बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची आणि कामं स्वतः करायची, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणापायी अंगावरचं सोनं आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच हाय, स्वावलंबी शिक्षण.

आता एनएसएसचं. सात दिवसांचं शिबिर आमच्याच तालुक्यातल्या एका गावात होतं, काम होतं डोंगरावर समतल चर खणायचं, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवी, एका उंचीवरची चारी. मला वाटलं खणायला काय लागतंय, आम्ही शेतकऱ्याचीच पोरं. पण आधी रेघ आखायला शिकवली. दोन काठ्यांची ए-फ्रेम, मधी दोरीला दगड बांधलेला, दोर आडव्या पट्टीच्या बरोबर खुणेवर आला की दोन्ही पाय एका उंचीवर. तसं पाऊल पाऊल सरकत चुना टाकत जायचं. रेघ जरा कलली तर पाणी एका टोकाला धावतं आणि चर फोडून खाली जातं, सगळी माती घेऊन. आमचा एक तुकडा कलला होता, सरांनी बुजवून परत काढायला लावला, त्या दिवशी लै राग आला. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर मोटारसायकल काढून मुद्दाम बघायला गेलो तर चर काठोकाठ भरलेली आणि पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत जागच्या जागी उभं. मी तिथं किती वेळ बसलो होतो मलाच माहीत नाही. आमच्याकडं टँकरची वाट बघत लहानाचे मोठे झालोय, आपल्या हातानं पाणी थांबवलंय हे बघणं काय असतं ते कुठल्या सर्टिफिकेटवर लिहिता येत नाही.

कृष्णाकाठची_पूर्वा
अगं जा आणि नाव दे! मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४५ ची, त्यावरून काय ते समज. पाणी उतरल्यावर आमचं एनएसएसचं युनिट साफसफाईला गेलं. गाळ ओला आहे तोवरच काढावा लागतो, एकदा वाळला की दगडासारखा बसतो, त्यामुळे सकाळपासून खराटे, फावडी, पत्र्याचे तुकडे, मिळेल ते घेऊन नुसतं ओढायचं. एका आजींच्या ट्रंकेत फोटो होते, भिजून एकमेकांना चिकटलेले, त्या म्हणाल्या टाकून द्या. आमच्या मॅडम म्हणाल्या थांबा, आणि बादलीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात गठ्ठा सोडला, मग हळूहळू एकेक सुटा करून दोरीला चिमट्यांनी लावला. सगळे नाही वाचले. पण आजींच्या लग्नातला एक निघाला, त्यात त्या माझ्यापेक्षा लहान दिसत होत्या. आजी तो हातात घेईनात, ओला आहे फाटेल म्हणून, नुसत्या दोरीपुढं उभ्या राहिल्या.

त्याच वर्षी युवा महोत्सवाच्या एकांकिकेत पण होते, स्टेजवर नाही, लाइट करायचे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची इथंच सुरुवात केली, त्यामुळे इथं तालमीला नाही म्हणणं मला तरी शक्य नव्हतं. पण दोन्ही एकदम केल्यामुळे एका विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला, हे पण सांगते. तू पहिल्या वर्षी एकच धर. आणि कार्यक्रमामुळे लेक्चर बुडणार असेल तर आधी जाऊन त्या त्या सरांना सांग, नंतर चिठ्ठी घेऊन गेलं की ऐकून घेत नाहीत, माझी एका प्रॅक्टिकलची सही अशीच राहिली होती.

वाईचा_बाप
मी पालक आहे म्हणून लिहितो. माझी मुलगी पण एनएसएसला होती आणि मी पण तुझ्या वडिलांसारखाच नाही म्हणालो होतो बाळ. कामाचं काही नव्हतं गं, परगावी सात रात्री मुलगी राहणार ह्याची काळजी होती, ते तोंडानं म्हणता येत नाही मग अभ्यासाचं कारण पुढं येतं. शेवटी मीच जाऊन कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटलो. मुलींचा मुक्काम शाळेच्या खोल्यांत होता, सोबत मॅडम, हे त्यांनी नीट समजावलं. समारोपाला गेलो तर मुलगी माइकवर गावकऱ्यांपुढं सांडपाणी जिरवायच्या शोषखड्ड्याबद्दल बोलत होती, खाली दगड किती, वर विटा कशा, सगळं तोंडपाठ. घरी पाहुणे आले की आत जाऊन बसणारी पोर ती. माझ्या शेजारी एक म्हातारे बसले होते, त्यांनी विचारलं कुणाची म्हणायची ही. मी म्हणालो माझी.

वडिलांना एकदा कॉलेजात घेऊन जा. वर्षाला १२० तास असतात आणि दोन वर्षं करायचं असतं, रोज थांबावं लागत नाही, आमच्याकडे बरंचसं काम रविवारीच व्हायचं. रविवारी तुमच्या गाडीचं टायमिंग काय आहे ते मात्र आधीच स्टँडवर विचारून ठेव.

जावळीची_लेक
सगळ्यांना मनापासून थँक्यू. माणदेशी दादांचं आणि काकांचं लिहिलेलं दोन्ही पप्पांना वाचून दाखवलं. ते ऐकून उठून गोठ्यात गेले, काही बोलले नाहीत. रात्री जेवताना विचारलं, शिबिर कुठल्या गावात असतंय आणि कधी. आई म्हणाली बुधवारी त्यांचं साताऱ्यात काम आहेच, तेव्हा येतील कॉलेजात. एनएसएसच धरते यंदा. पूर्वाताई, ते लाइटचं काम पुढच्या वर्षी करायचं असेल तर आधीपासून कुणाकडं शिकायचं? आमच्याकडं ते कोण करतं अजून माहीत नाही, पण शनिवारी तालीम असते तिथं जाऊन बसू देतात का विचारते.