मदत हवी आहे: जखमी खेळाडूला ड्राफ्टमध्ये लवकर घेतलं, ते बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहितोय. विषय मीच मागून घेतला: कॉलेजात गाजलेला, पण ऐन वेळी जायबंदी झालेला खेळाडू एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर उचलावा का? अर्धा लेख झाल्यावर गाडी अडली आहे. इथे हाडांचे डॉक्टर, फिजिओ आणि आकडेवारीत मुरलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

हा खेळ परका असलेल्यांसाठी थोडक्यात. दर एप्रिलात ३२ संघ ७ फेऱ्यांत खेळाडू निवडतात. आयपीएलसारखी बोली नसते. ज्या संघाने नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं, आणि पहिल्या ४ वर्षांच्या कराराची रक्कम जवळजवळ क्रमांकावरूनच ठरते. त्यामुळे एखादा मुलगा तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकापर्यंत घसरला, की आयुष्यात कदाचित एकदाच मिळणारा पैसा हातातून जातो.

आता माझी अडचण. २०१६च्या ड्राफ्टमधली दोन नावं घ्या. नोटर डेम विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) जेलन स्मिथ पहिल्या पाचांत जाईल असं बोललं जात होतं. १ जानेवारी २०१६ला फिएस्टा बोल या कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध त्याचा गुडघा गेला. दोन लिगामेंट फाटले आणि पाऊल वर उचलणारी नसही (नर्व्ह) दुखावली. पाऊल लोंबकळत होतं. डॅलस काउबॉइजनी त्याला ३४व्या क्रमांकावर घेतलं. दोनच क्रमांक पुढे, ३६व्यावर, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी यूसीएलएचा माइल्स जॅक घेतला. त्याच्याही गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती आणि हा गुडघा किती वर्षं टिकेल याची सगळ्यांना धास्ती होती.

पुढे काय झालं? जॅक पहिल्याच हंगामापासून खेळला. स्मिथचं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं, दुसऱ्या वर्षी तो पायाला ब्रेस लावून उतरला आणि २०१९च्या हंगामात प्रो बोलपर्यंत (हंगामातल्या निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यापर्यंत) पोचला. त्याच वर्षी त्याला मोठा करार मिळाला. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये काउबॉइजनी त्याला सोडून दिलं. ही निवड यशस्वी म्हणायची की नाही? मी दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा मजकूर पटण्यासारखा झाला, हेच मला खटकतंय.

टेनेसी टायटन्सचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २०१९मध्ये त्यांनी जेफ्री सिमन्सला १९व्या क्रमांकावर घेतलं. त्याचा एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य लिगामेंट) दोनच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, फाटला होता. तो त्याच हंगामात ऑक्टोबरमध्ये परतला आणि लीगमधल्या उत्तम बचावपटूंपैकी एक झाला. दोन वर्षांनी त्याच संघाने, नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या केलेब फार्लीला २२व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा गेला आणि त्याची कारकीर्द रुळावर आलीच नाही. विचार तोच, निकाल उलटा.

लेखात मला म्हणायचंय ते असं: निवड त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवरून जोखायला हवी, पाच वर्षांनी काय झालं त्यावरून नव्हे. आणि 'जखमी' हा एकच गठ्ठा धरणं चूक आहे. नुसता लिगामेंट गेलेल्याला पहिल्या फेरीत घ्यायला मी कचरणार नाही. नस, पाठ किंवा कूर्चा (सांध्यातली मऊ गादी) असेल तर दुसऱ्या फेरीच्या आधी हात लावणार नाही. हे वैद्यकीयदृष्ट्या टिकेल का? तुलना कुणाशी करायची? कृपया स्पष्ट सांगा, लेख फिरवावा लागला तरी चालेल.

प्रतिसाद १

मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, नाशिकला. फुटबॉल फारसा बघत नाही, पण गुडघे रोज बघतो.

तुमची विभागणी ढोबळमानाने बरोबर आहे. एसीएल फाटला तर रुग्णाच्याच शरीरातला टेंडन घेऊन नवा बसवतात आणि खेळात परतायला साधारण ९ महिने ते वर्ष लागतं. नसेचं गणित वेगळं. स्मिथची दुखावलेली ही नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून खाली जाते, त्यामुळे गुडघा बाहेरच्या अंगाने उघडला की तीच ताणली जाते. नस परत वाढते ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. जानेवारीत दुखापत आणि एप्रिलअखेर ड्राफ्ट, म्हणजे चारच महिने. एवढ्या काळात पाऊल उचललं जाईल की नाही हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र नस पूर्ण तुटली आहे की नुसती ताणली आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला इतरांपेक्षा जास्त कळतं. स्मिथची शस्त्रक्रिया कुणी केली, ते शोधा.

कूर्चाबद्दल एक गोष्ट लेखात जरूर घाला. ती स्वतःहून नीट भरून येत नाही. एसीएल उत्तम बरा झाला तरी त्या गुडघ्याची पुढे झीज होण्याची शक्यता वाढलेलीच असते. म्हणजे 'बरा झाला' हे तिसऱ्या वर्षी खरं आणि सहाव्या वर्षी खोटं ठरू शकतं.

प्रतिसाद २

आकड्यांच्या बाजूने सांगते. तुमच्या यादीत लोकांना आठवणारीच नावं आहेत. विलिस मॅकगेही, रॉब ग्रोन्कॉव्स्की या दुखापतीनंतर निवडलेल्यांची नावं प्रत्येक चर्चेत येतात कारण ते पुढे चमकले. मार्कस लॅटिमोर कुठे आहे? साउथ कॅरोलायनाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू), २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षांत दोन्ही गुडघे गेले. २०१३मध्ये फोर्टीनाइनर्सनी त्याला चौथ्या फेरीत घेतलं आणि २०१४मध्ये एकही सामना न खेळता त्याने निवृत्ती घेतली. संघाचं नुकसान एका चौथ्या फेरीच्या निवडीचं. त्या मुलाचं नुकसान केवढं!

तुलना त्या खेळाडूच्या निरोगी रूपाशी करू नका, आजूबाजूच्या क्रमांकांवर निवडलेल्या धडधाकट मुलांशी करा. त्यांतलेही कितीतरी पहिल्या करारानंतर टिकत नाहीत. प्रो बोल मोजू नका, पहिल्या ४ हंगामांत खेळलेले सामने मोजा. आणि सिमन्स जपून वापरा. तो घसरला त्यात गुडघ्याखेरीज मैदानाबाहेरच्या एका जुन्या प्रकरणाचाही हात होता. त्याच्या १९व्या क्रमांकातला गुडघ्याचा वाटा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात ते शोधलं. स्मिथची शस्त्रक्रिया काउबॉइजच्या संघाच्या डॉक्टरांनीच केली होती! बाकीचे ३१ संघ अहवाल वाचत होते आणि डॅलसकडे तो गुडघा आतून पाहिलेला माणूस होता. म्हणजे त्या दिवशीची माहितीही सगळ्यांची सारखी नव्हती. लेखाचा मधला भाग आता याच्याभोवती नव्याने बांधतो.

झिजेबद्दल वाचताना टॉड गर्ली आठवला. नोव्हेंबर २०१४मध्ये जॉर्जियाकडून खेळताना एसीएल फाटला, तरी २०१५ला रॅम्सनी दहाव्या क्रमांकावर घेतला. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू, २०१७चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. ड्राफ्टची निवड शंभर टक्के वसूल. संघ फसला तो २०१८मध्ये दिलेल्या मोठ्या करारात. मार्च २०२०मध्ये त्याला सोडून द्यावं लागलं, तोवर गुडघा कुरकुरू लागला होता. माझ्या मते जखमी मुलाला घेताना संघाची खरी जोखीम पहिल्या चार वर्षांत कमी आणि दुसऱ्या करारात जास्त आहे. पहिला करार स्वस्त असतो, दुसऱ्याच्या वेळी मागच्या खेळाची भुरळ असते. सिमन्स मुख्य उदाहरणातून काढतो आणि फक्त उल्लेखापुरता ठेवतो. ताई, लॅटिमोरला स्वतंत्र परिच्छेद देतोय, त्याच्याशिवाय लेख अप्रामाणिक होईल.

आता एकच शंका उरली आहे. स्मिथने कॉलेजात असतानाच, ड्राफ्टमध्ये घसरण झाली तर भरपाई मिळेल असा विमा घेतला होता. असा विमा देताना कंपनी 'हा मुलगा अमुक क्रमांकावर गेला असता' हे कशाच्या आधारावर ठरवते, आणि घसरण दुखापतीमुळेच झाली हे सिद्ध करायचं कुणी? अमेरिकेत विम्याच्या धंद्यात असलेलं इथे कुणी असेल तर कृपया लिहा. लेख १५ सप्टेंबरपर्यंत द्यायचा आहे.