साठीच्या वाढदिवसाला मैत्रिणींसोबत कोलकाता : हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? (तातडीने मदत हवी आहे)

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्यातल्या एका मैत्रिणीची साठी आहे, म्हणून आम्ही सगळ्याजणी कोलकात्याला चाललोय. विमानाची तिकिटं काढून झाली. अडलंय ते हॉटेलवर. एक म्हणते पार्क स्ट्रीट, दुसरीचा मुलगा म्हणतो न्यू टाऊन, तिसरीच्या नणंदेने सॉल्ट लेक सुचवलंय. ग्रुपवर नुसते खोल्यांचे फोटो फिरताहेत आणि तिकडे दर चढताहेत. मला आज रात्री बुकिंग करून मोकळं व्हायचंय. कुठला भाग ते स्पष्ट सांगा. आणि वाढदिवसाच्या दिवशी काय करता येईल तेही सांगा. हॉटेलच्या खोलीत केक कापून झोपून जायचं नाहीये आम्हाला.

"गुगल करा" असं कृपया कुणी लिहू नका. ते करूनच इथे आलेय.

चहाबाज

कधी जाताय? किती जणी? किती दिवस? कुठून? बजेट? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग भाग कसा सांगणार?

मुसाफिर

पार्क स्ट्रीट. डोळे मिटून घ्या. सकाळी उठून चालत फ्लरीजमध्ये नाश्ता, १९२७ पासूनचं ठिकाण आहे. रात्री पीटर कॅटमध्ये चेलो कबाब. रांग असते, पण उभं राहण्यासारखी आहे. न्यू मार्केट चालत, इंडियन म्युझियम चालत. न्यू टाऊनला राहिलात तर कोलकाता बघितलंच नाही असं समजा. ते म्हणजे आपलं हिंजवडी.

डोंगरवाटा

विमान कशाला? गीतांजली पकडायची. नागपूरहून संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. हावडा स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर हुगळी आणि पूल, कोलकात्याची पहिली भेट अशीच व्हायला हवी. विमानतळावरून गेलात तर आधी उड्डाणपूल आणि होर्डिंगच दिसतात. मैत्रिणींची ट्रिप तर रेल्वेतच सुरू होते, डबे उघडायचे, पत्ते काढायचे.

रानजाई

@डोंगरवाटा, तिकिटं झाली आहेत असं दुसऱ्याच ओळीत लिहिलंय.

@चहाबाज, सहा जणी. चौघी नागपूरहून, दोघी पुण्याहून. २० ते २२ डिसेंबर. बजेट मध्यम. आता सांगा.

आजोबा_चिपळूण

मैत्रिणीची साठीशांत केली का? नक्षत्र आणि तिथी बघून करतात, इंग्रजी तारखेला नाही. वाढदिवस तीर्थक्षेत्री येत असेल तर तिथेच गुरुजी मिळतात का ते पाहावं. कालीघाटला पंडे पैशासाठी मागे लागतात, त्यांच्याशी आधीच ठरवून घ्यावं. माझ्या साठीला आम्ही गणपतीपुळ्याला सगळं केलं होतं, फार छान झालं.

सदाफुली

डिसेंबर म्हणजे नोलेन गुड! खजुराचा नवा गूळ. त्याचा संदेश, त्याचा रसगुल्ला, आणि जयनगरचा मोआ. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल. भवानीपूरच्या बलराम मलिकांच्या दुकानात जाऊन उभं राहायचं आणि नुसतं बोट दाखवत सुटायचं. नोलेन गुडाचा 'जलभरा' संदेश तोंडात घातला की आतून पातळ गूळ येतो. साडीवर सांडतो, तेवढं सांभाळा.

हुगळीकाठ

रानजाई ताई, नोकरीमुळे मी बरीच वर्षं कोलकात्यात आहे. तारखा कळल्या म्हणून लिहितो. २० तारखेला शनिवार, २१ ला रविवार, २२ ला सोमवार. वाढदिवस नेमका कोणत्या दिवशी?

दुसरं, सगळ्यांचे गुडघे कसे आहेत? संकोच करू नका, बेत त्यावर ठरेल. तिसरं, खाण्याचं काय?

रानजाई

वाढदिवस २२ ला. त्या दिवशी सकाळी व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दुपारी टागोरांचं घर असं माझ्या डोक्यात आहे. परतीचं विमान मंगळवारी सकाळी. दोघींना जिने जमत नाहीत, एकीचं ऑपरेशन झालंय. तिघी पूर्ण शाकाहारी. पण मी हॉटेलचा भाग विचारला होता.

हुगळीकाठ

भागाकडेच येतोय. आधी हे वाचा. सोमवारी व्हिक्टोरियाची दालनं बंद असतात, फक्त बाग उघडी. जोडासाँकोची ठाकूरबाडी, म्हणजे टागोरांचं घर, तेही सोमवारी बंद. इंडियन म्युझियमही बंद. म्हणजे तुमच्या डोक्यातला अख्खा वाढदिवस कुलपांसमोर जाणार.

उलट कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं बहुतेक रविवारी बंद असतात. तेव्हा तीन दिवसांचा क्रम आपोआप ठरतो : शनिवारी कॉलेज स्ट्रीट आणि कॉफी हाऊस, रविवारी ठाकूरबाडी आणि व्हिक्टोरिया, सोमवार नदीसाठी.

आता भाग. नाताळच्या आधीचा आठवडा पार्क स्ट्रीटवर रोषणाई असते. बघायला सुंदर, राहायला त्रास. दर वाढलेले, संध्याकाळी गाड्या हलत नाहीत, पायी गर्दीत जिने न जमणाऱ्या दोघींचे हाल होतील. त्यापेक्षा रवींद्र सदन ते एल्गिन रोड या पट्ट्यात घ्या. व्हिक्टोरिया आणि सेंट पॉल कॅथेड्रल जवळ, पार्क स्ट्रीट मेट्रोने दोन स्टेशनं, भवानीपूरची मिठाई हाताशी. रात्री शांत असतं. बुक करण्याआधी हॉटेलला फोन करून लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या इमारतींत ती असतेच असं नाही, आणि असली तरी कधी कधी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते.

मुसाफिर

गर्दीचं काय एवढं? रोषणाईच्या आठवड्यात पार्क स्ट्रीटला राहायला मिळणं हेच तर भाग्य. खाली उतरलं की उत्सव. साठीचा वाढदिवस शांततेत साजरा करायचा असेल तर मग घरीच बरा.

हुगळीकाठ

तुम्ही तरुणपणी गेला असाल. इथे ऑपरेशन झालेल्या बाई आहेत. रोषणाई बघायला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मेट्रोने जा, तासभर फिरा, परत या.

प्रवासी_पक्षी

आम्ही न्यू मार्केटजवळ स्वस्त पडलं म्हणून एका लॉजमध्ये उतरलो होतो. रात्री दोनपर्यंत खाली माल उतरवत होते. चादरी बदलून मागायला तीनदा सांगावं लागलं. बायकांच्या ग्रुपने तिथल्या आतल्या गल्ल्या टाळाव्यात. बाकी कोलकाता बायकांसाठी मला मुंबईइतकंच मोकळं वाटलं. लोक स्वतःहून रस्ता दाखवायला चालत येतात.

वर्‍हाडी_ठसा

नागपूरकर मंडळी कोलकात्याला चालली म्हटल्यावर राहवत नाही. बागबाजारला 'मराठा डिच लेन' आहे, तिथे उभं राहून फोटो काढाच. रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा १७४२ मध्ये घाबरून तिथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. पुढे तो बुजवून रस्ता केला, तोच सर्क्युलर रोड. रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजांनी हुगळी शहरापर्यंत धडक मारली होती, आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही.

चहाबाज

तिथे आईबाप अजून मुलांना बर्गी (म्हणजे मराठा घोडेस्वार) आले म्हणून अंगाई गातात. गावंच्या गावं लुटली, जाळली. मराठा म्हणून फोटो काढायच्या आधी त्या शेतकऱ्यांचं काय झालं तेही वाचावं.

वर्‍हाडी_ठसा

चौथाई वसूल करायला गेले होते, सहलीला नाही. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने बोलणीसाठी बोलावून १७४४ मध्ये भास्करपंतांना दग्याने मारलं, ते का लिहीत नाही? शेवटी १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख कबूल करावे लागले.

चहाबाज

दगा झाला हे खरंच. पण त्याने आधीची लूट पुसली जात नाही. दोन्ही एकत्र वाचायला हवं, एवढंच म्हणणं आहे. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

रानजाई

दोघांनाही विनंती, खरंच वेगळा धागा काढा. माझ्या धाग्यावर अजून हॉटेल ठरलेलं नाही.

@हुगळीकाठ, सोमवार बंद हे कुठल्याही यादीत माझ्या नजरेला पडलं नव्हतं. पण मग वाढदिवसाला उरलं काय? तिला टागोरांचं घरच बघायचं होतं. ती लग्नाआधीपासून रवींद्रसंगीत शिकतेय, बंगाली लिपीही शिकली, नागपुरात बंगाली शेजारणीकडून. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलांची शिक्षणं यात कोलकात्याला जाणं राहूनच गेलं. म्हणून तर हे शहर निवडलं. तिला शहर माहीत आहे, बेत माहीत नाही.

सदाफुली

हे आधी सांगायचं ना ताई! मी इथे मिठाईच्या याद्या देत बसले.

अक्षरवेल

मग ठाकूरबाडी रविवारी सकाळी उघडताक्षणी गाठा आणि घाई करू नका. रवींद्रनाथांचा जन्म तिथलाच, १८६१ चा, आणि शेवटचा श्वासही १९४१ मध्ये तिथेच. ती खोली दाखवतात. ज्यांनी आयुष्यभर ती गाणी म्हटली आहेत त्यांना तिथे वेळ लागतो. बाकीच्यांनी अंगणात बसावं, तिला एकटीला थोडा वेळ द्यावा.

थोडं अवांतर, पण तुमच्या मैत्रिणीला आवडेल. रवींद्रनाथ १७ वर्षांचे असताना, १८७८ मध्ये, विलायतेला जाण्याआधी इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्यांची शिक्षिका. तिला त्यांनी 'नलिनी' नाव दिलं. ही गोष्ट त्या अंगणात बसून तिला सांगा. मराठी घराशी त्यांचं असं नातं होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आजोबा_चिपळूण

थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले हिंदी आयसीएस अधिकारी, आणि नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात. तेही सांगावं. साठीशांतीचं उत्तर मिळालं नाही.

रानजाई

आजोबा, शांत तिच्या मुलांनी तिथीने घरी करायची ठरवली आहे. नमस्कार.

हुगळीकाठ

आता सोमवार, वाढदिवस. मी असा करेन.

सकाळी टॅक्सीने कुमारटुली. मूर्तिकारांची वस्ती. दुर्गापूजा होऊन गेलेली असली तरी डिसेंबरात सरस्वतीच्या मूर्तींचं काम चालू असतं. गाणाऱ्या बाईंना वाढदिवसाला गवताची आणि मातीची अर्धवट सरस्वती बघायला मिळेल. गल्ल्या अरुंद आहेत पण सपाट आहेत. मलिक घाटाचा फूलबाजार सगळे सुचवतील, पण तिथे चिखल, घसरण, डोक्यावर टोपल्या घेऊन पळणारे हमाल. त्या दोघींना नेऊ नका. हार हवे असतील तर चौघींनी जावं.

मग दक्षिणेश्वर. राणी रासमणींनी बांधलेलं, १८५५ चं. मेट्रो स्टेशनपासून देवळापर्यंत स्कायवॉक आहे, सरकते जिने आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. फोन आणि पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात. दुपारी मंदिर बंद होतं, तेव्हा साडेअकराच्या आत पोहोचा. समोर बेलूर मठ आहे, होडी जाते, पण तोही दुपारी बंद असतो. दोन्ही एका सकाळी कोंबू नका.

संध्याकाळी प्रिन्सेप घाट. होडी भाड्याने मिळते. एक गोष्ट महाराष्ट्रातली माणसं हमखास विसरतात : डिसेंबरात इथे पाचला सूर्य मावळतो. साडेपाचला गेलात तर अंधार. चारला घाटावर हजर राहा. होडीत तिला गायला सांगा. होडीवाले ऐकत थांबतात, हे मी पाहिलंय.

चहाबाज

होडीत चढताना काठ आणि होडी यांत अंतर असतं. ऑपरेशनवाल्या बाईंना विचारून ठरवा. नाहीतर त्यांना घाटावर बाकावर बसवून दोघीदोघींनी पाळीपाळीने जा. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

हुगळीकाठ

बरोबर. बाबूघाट ते हावडा सरकारी फेरीबोट हा दुसरा पर्याय. तिला धक्का असतो, चढणं सोपं, तिकीट अगदी किरकोळ. हावडा पूल खालून दिसतो.

शुद्ध_शाकाहारी

शाकाहारी तिघींचा कुणीच विचार करत नाही. बंगालात सगळ्यात मासा.

सदाफुली

असं मुळीच नाही! शुक्तो, मोचार घोंटो म्हणजे केळफुलाची भाजी, आलू पोस्तो, धोकार डालना, छोलार डाल आणि लुची. विधवांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाशिवाय केवढी चव तयार झाली आहे तिथे. सिक्स बालीगंज प्लेसमध्ये हे सगळं मिळतं. फक्त डाळ मागवताना विचारून घ्या, काही ठिकाणी डाळ माशाच्या डोक्यासह करतात, गडबड व्हायला नको.

केकचं म्हणाल तर न्यू मार्केटमधलं नाहूम, १९०२ पासूनची ज्यू बेकरी. नाताळात मोठी रांग लागते, म्हणून शनिवारीच आणून ठेवा. पण बंगाली वाढदिवस पायेशशिवाय होत नाही. तांदळाची खीर, या दिवसांत नोलेन गुडाची. केक बाजूला ठेवा, पायेश भरवा तिला.

रानजाई

केळफुलाची भाजी तिच्या आईच्या हातची तिला फार आवडायची. हे मी आत्ताच ग्रुपवर टाकलं, पाचही जणींचं एकमत झालं. पहिल्यांदा.

एल्गिन रोडला हॉटेल बुक केलं. फोन केला, लिफ्ट आहे, तळमजल्यापासून आहे. तीन खोल्या. त्यांच्या स्वयंपाक्याला पायेश सांगता येईल का?

हुगळीकाठ

येईल, पण रविवारी दुपारपर्यंत सांगा. नोलेन गूळ गरम दुधात घातला तर दूध फाटतं, तो शेवटी खीर कोमट झाल्यावर घालतात. बंगाली स्वयंपाकी असेल तर त्याला ठाऊक असतं, नसेल तर तुम्ही सांगा. विमानतळावरून मेट्रो ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आहे, पण नोआपाड्याला गाडी बदलावी लागते. सामान घेऊन नको, येताना टॅक्सीच करा.

ट्रॅव्हल_काका

वरचं सगळं वाचलं नाही, पण न्यू टाऊनला राहा आणि वाढदिवसाला दिवसभर इको पार्क करा. मोठं तळं, जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, बॅटरीची गाडी फिरवते. ज्येष्ठांसाठी एकदम उत्तम.

चहाबाज

इको पार्कही सोमवारी बंद असतं.