आईवडील दोघांनाही मधुमेह, एचबीए१सी ६.० आलंय. सवयी कोणत्या क्रमाने बदलू?

सह्यकडा
वय ३८, पुरुष, उंची १६८ सेमी, वजन ६८ किलो. आई आणि वडील दोघांनाही पन्नाशीच्या आत टाइप २ मधुमेह. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०. बेंबीवर कंबर ९५ सेमी. बैठं काम. सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या, रात्री साडेनऊला वरणभात. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. सकाळी फिरायला जाणं दर पावसाळ्यात मोडतं. साखरेऐवजी गूळ, पोळीऐवजी भाकरी आणि सोळा तासांचा उपास असं सोमवारपासून करायचं ठरवलंय. बरोबर आहे का?

मोजपट्टी
सोमवारच्या आधी ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी करून घ्या. जेवून दोन तासांनी रक्त देतात ती पीपी म्हणजे ही नव्हे. रात्रभर उपाशी राहून सकाळी २५०–३०० मिली पाण्यातलं ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचं, मग दोन तास बसून राहायचं. मधे चालणं, चहा, सिगारेट काही नाही. १४० ते १९९ आलं तर मधुमेहपूर्व, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. आधीचे तीन दिवस भात-पोळी तोडू नका. कर्बोदकं एकदम कमी केली की या तपासणीत आकडा खोटा चढतो.

हा खर्च कशाला? उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृत रात्री किती साखर सोडतं ते सांगते, दोन तासांची मुख्यतः स्नायू किती उचलतात ते. चेन्नईच्या डी-क्लिप अभ्यासात आहार-व्यायामाने (गरज पडली तिथे मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी जोडून) मधुमेह होण्याचा एकूण धोका ३२ टक्के घटला, पण फक्त उपाशीपोटीची वाढलेली होती त्यांच्यात १२ टक्केच. तुम्ही त्या गटात निघालात तर सवयी बदलायच्याच, पण पुढची तपासणी सहा महिन्यांनी आणि गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणं लवकर.

कंबर बेंबीवर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पुरुषांसाठी ९० सेमी, बायकांसाठी ८० ही आपली मर्यादा. ९५ धरली तर मधुमेहाच्या भारतीय जोखीम गुणांकात वयाचे २०, कमरेचे १०, बैठेपणाचे ३० आणि आईवडिलांचे २० मिळून ८० होतात. ६० पासूनच जोखीम जास्त. यातले वय आणि आईवडील बदलत नाहीत. उरलेले ४० तुमच्या हातात आहेत.

वजन ‘बरं’ दिसतंय म्हणून थांबू नका. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ साली छापलेला दाखला बघा: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्तीची आपल्या पुणेकरांची. तुमचा बीएमआय २४ आहे आणि आपल्याकडे २३ पासूनच जास्त वजन धरतात. साडेतीन ते पाच किलो उतरवायचं लक्ष्य ठेवा.

ताटवाटी
गूळ म्हणजेही साखरच, रक्तात फरक पडत नाही. चार चहांत तुमची ४० ग्रॅम साखर जाते. दर पंधरवड्याला प्रत्येक कपातून अर्धा चमचा कमी करा, दोन महिन्यांत शून्यावर याल. एकदम सोडली की चहाबरोबर बिस्किटं येतात.

भाकरीत घोटाळा मापाचा होतो. मध्यम पोळीत ३० ग्रॅम कणीक, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. थापलेल्या भाकरीत ७० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे ४८–५०. चार पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्यात तर आकडा वाढला. आठवडाभर कोरडं पीठ आणि कच्चा तांदूळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, नंतर डोळ्यांना अंदाज येतो. दुपारी दोन पोळ्या किंवा एक लहान भाकरी आणि रात्री कच्चा तांदूळ ४० ग्रॅम, इथून सुरुवात करा.

नुसतं कमी केलंत तर पाच वाजता फरसाणाचा डबा उघडेल. मोकळी झालेली जागा प्रथिनांनी भरायची, आणि आपल्या ताटात कमी पडतात तीच. वाटीभर पातळ वरणात डाळ २०–२५ ग्रॅम, प्रथिनं पाच-सहा. तुम्हाला दिवसाला साठेक लागतात. त्यामुळे वरण घट्ट करा, दुपारी उसळ मोठी वाटी घ्या. पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मुगाची धिरडी (१२ ग्रॅम प्रथिनं) किंवा दोन अंडी. पोहेच हवे असतील तर कोरडे ४० ग्रॅम आणि तेवढीच मोड आलेली मटकी. जेवताना कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भात शेवटी. त्याच ताटाने साखर कमी उसळते.

सह्यकडा
तपासणीची वेळ घेतली. दोन अडचणी: संकष्टी आणि सोमवारी साबुदाणा असतो, आणि घरी पोचायलाच नऊ होतात.

ताटवाटी
साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ६५ ग्रॅम, वर बटाटा. उपास मोडू नका, पदार्थ बदला: ३० ग्रॅम वरई, ३० ग्रॅम दाण्यांची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक.

उशिराच्या जेवणासाठी जेवणाचे दोन तुकडे करा. सातला कामावरच दोन पोळ्या-उसळीचा डबा, घरी फक्त भाजी, ताक किंवा सूप. रात्रीचा भात त्या दिवशी नाही. सोळा तासांच्या उपासाची घाई नको. दिवसभर उपाशी राहून रात्री दहाला भरपेट जेवण, असाच तो बहुतेकांचा होतो.

जिनाचढ
व्यायामात पहाटेचं फिरणं सर्वांत शेवटी ठेवा. ते झोप, पाऊस आणि उठण्याची वेळ या तिन्हींवर टांगलेलं असतं, म्हणून पहिलं गळतं. जेवण मात्र चुकत नाही, त्यालाच चालणं बांधा. ताट मोरीत ठेवलं की चप्पल पायात, दहा ते पंधरा मिनिटं. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो, म्हणून जेवणानंतरच्या अर्ध्या तासात निघायचं. पावसात घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या जिन्यात. दोन जेवणांनंतरची पंधरा-पंधरा मिनिटं रोज केली तर आठवड्याची शिफारस केलेली १५० मिनिटं भरून वर उरतात, फक्त चाल झपझप हवी: बोलता यावं, गाता येऊ नये.

आठवड्यातून दोनदा, मधे एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून उठबस १० च्या दोन फेऱ्या, भिंतीवर दंड १० च्या दोन, एका पायरीवर चढउतार दोन मिनिटं. दर आठवड्याला दोन आवर्तनं वाढवा. वीस सहज जमू लागली की हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्या, कारण भार वाढला नाही तर स्नायूही वाढत नाही. सूर्यनमस्कार चांगलेच, पण पायांना पुढेपुढे तेवढा भार मिळत नाही. छातीत दाब किंवा चालताना धाप लागत असेल तर आधी डॉक्टर.

क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे फक्त रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं आणि चहातला अर्धा चमचा. पुढचे दोन नाश्ता. मग ताकद. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, तेवढंच करा.

मोजपट्टी
एक राहिलं. तुमच्या भावंडांचेही आईवडील तेच आहेत, त्यांचीही तपासणी करा. बहिणीला रक्तक्षय असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आधी बघा. लोह कमी असताना एचबीए१सी जास्त दाखवतं. गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत हीच ७५ ग्रॅमची तपासणी, पुढे नियमित. तुमचं एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करू नका, जुन्या तांबड्या पेशींचाच आकडा येईल. तोवर दर रविवारी सकाळी, त्याच जागी, कंबर मोजून लिहून ठेवा.