वाडीतल्या शाळा आणि घटता पट
जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट केवळ शिक्षकांच्या अनास्थेमुळे घटला, असे मत मांडले जाते; कोकणापुरते तरी ते मला पटत नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. डोंगर, वहाळ (ओढे) आणि खाड्यांनी एकमेकींपासून तुटलेल्या इथल्या वाड्यांमधील कित्येक शाळा ग्रामस्थांच्या श्रमदानातून आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. आता तरुण कुटुंबेच मुंबई-पनवेलकडे स्थिरावली, यात गुरुजींचा काय दोष? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, परंतु आषाढात भरून वाहणारा वहाळ सात वर्षांच्या मुलीला ओलांडावा लागणार असेल, तर पाच मुलांची शाळासुद्धा बंद करता कामा नये.